तेलगीची मालिका आणि तुमच्या कपाटातला करारनामा

सप्टेंबर २०२३ मध्ये सोनी लिव्हवर ‘स्कॅम २००३: द तेलगी स्टोरी’ ही मालिका आली. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून बेंगळुरूत येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांना तर ती जवळची वाटली असणार. ही गोष्ट खानापुरात सुरू होते आणि आपल्या बेंगळुरूत संपते.

मालिका चांगली की वाईट, हा या पाठाचा विषय नाही. आपल्याला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. खोटा स्टॅम्प पेपर इतकी वर्षे खपला कसा? तो घेणारे अडाणी नव्हते. त्यांत बँका होत्या, विमा कंपन्या होत्या, शेअर दलालांच्या पेढ्या होत्या. शिकलेली, हिशेबाची माणसे फसली. ती कुठे चुकली हे कळले, तर आपल्या कपाटातले कागद आपण वेगळ्या नजरेने पाहू.

खरी घटना थोडक्यात

अब्दुल करीम तेलगी मूळचा खानापूरचा. वडील रेल्वेत नोकरीला होते आणि ते लवकर गेले. घर चालवण्यासाठी लहानपणी त्याने स्टेशनवर आणि गाड्यांमध्ये फळे, शेंगा विकल्या. पुढे बेळगावात वाणिज्य शाखेचे शिक्षण, काही वर्षे सौदी अरेबियात नोकरी आणि मग मुंबई असा त्याचा प्रवास झाला. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवण्याच्या धंद्यात बनावट कागदपत्रांच्या प्रकरणात तो सापडला. तुरुंगात त्याला मुद्रांक व्यवसायाची माहिती असलेला माणूस भेटला. १९९४ मध्ये त्याने मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना मिळवला.

इथे थांबून विचार करा. परवाना खरा होता. दुकान खरे होते. सुरुवातीला मालही खरा होता. त्यात हळूहळू खोटा माल मिसळला गेला. मुद्रांक छापणाऱ्या नाशिकच्या सरकारी छापखान्यातून भंगार म्हणून निघालेली यंत्रसामग्री त्याच्याकडे पोहोचली, असे तपासात पुढे आले. त्याने विक्रीसाठी एजंट नेमले. ते मोठ्या कार्यालयांत जाऊन घाऊक ऑर्डर घेत.

२००० साली बेंगळुरूत बनावट स्टॅम्प पेपर विकणारे पकडले गेले आणि धागा हाती लागला. नोव्हेंबर २००१ मध्ये कर्नाटक पोलिसांनी तेलगीला अजमेरमध्ये अटक केली. महाराष्ट्रात विशेष तपास पथक नेमले गेले आणि २००४ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. जून २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला १३ वर्षांची सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड सुनावला. बेंगळुरूच्या परप्पन अग्रहार तुरुंगात शिक्षा भोगत असताना तो आजारी पडला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये व्हिक्टोरिया रुग्णालयात वारला.

मालिका म्हणजे निकालपत्र नव्हे

सत्य घटनेवरची मालिका पाहताना एक काळजी घ्या. ‘द तेलगी स्टोरी’ पत्रकार संजय सिंह यांच्या हिंदी पुस्तकावर आधारलेली आहे, तुषार हिरानंदानी यांनी ती दिग्दर्शित केली आहे आणि गगन देव रियार यांनी तेलगी उभा केला आहे. तरीही संवाद लेखकाने लिहिलेले असतात, काही पात्रे दोनतीन माणसे मिळून बनवलेली असतात आणि प्रसंगांचा क्रम सोयीप्रमाणे बदललेला असतो.

आकड्यांचेही तसेच. घोटाळा ३०,००० कोटींचा होता, असे आपण सगळे सहज बोलतो. हा माध्यमांतून फिरलेला अंदाज आहे. न्यायालयाने ठोठावलेला दंड वेगळा, सरकारचा बुडालेला महसूल वेगळा आणि छापलेल्या कागदाची दर्शनी किंमत वेगळी. या प्रकरणात काही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांवरही आरोप झाले आणि त्यातले काही पुढे सुटले. पडद्यावर दिसलेला दोष आणि न्यायालयात सिद्ध झालेला दोष यांत अंतर असते.

मालिकेचा आणखी एक परिणाम होतो. पडद्याच्या मधोमध एकच माणूस उभा असतो, त्याची हुशारी, त्याचे धाडस. कागद घेऊन न बघता फाईलला लावणारा कारकून पडद्यावर फारसा दिसत नाही. पण घोटाळा चालला तो त्या न बघण्यावर. आपण सगळे त्या कारकुनाच्याच जागी असतो, म्हणून आपल्यासाठी शिकण्यासारखे तिथेच आहे.

मुद्रांक म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण ‘बाँड पेपरवर लिहून घेतले’ म्हणतो आणि त्याने मनाला धीर येतो. म्हणून आधी समज पक्की करू.

मुद्रांक म्हणजे सरकारला कर भरल्याची पावती. करारावर ठरलेले मुद्रांक शुल्क सरकारजमा झाले, एवढेच ती सांगते. करारातला मजकूर खरा आहे, घर खरोखर त्या माणसाचे आहे, तो पैसे परत करणार आहे, यातले काहीही मुद्रांक सांगत नाही.

मग तो खोटा निघाला तर आपले काय बिघडते? बरेच बिघडते. योग्य मुद्रांक नसलेला दस्त न्यायालय पुरावा म्हणून लगेच स्वीकारत नाही. आधी राहिलेले शुल्क आणि दंड भरावा लागतो. कर्नाटकच्या मुद्रांक कायद्यात हा दंड राहिलेल्या शुल्काच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ज्या दिवशी कागदाची खरी गरज पडते, त्याच दिवशी तो अडतो. एरवी तो कपाटात शांत पडून असतो. म्हणूनच खोटा कागद वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

खोटा कागद का खपला? तीन कारणे

पहिले कारण, सवलत. घाऊक घेणाऱ्याला कमी दरात माल मिळत होता आणि कार्यालयाला खर्च वाचल्याचे समाधान मिळत होते. पण करावर सूट कोण देईल? अधिकृत विक्रेत्याला सरकारकडून अगदी थोडे कमिशन मिळते. त्यापेक्षा जास्त सूट तो देत असेल, तर ती कुठून येते हे विचारायलाच हवे. सरकारी पावती स्वस्तात मिळते, हीच पहिली खूण होती.

दुसरे कारण, टंचाई. स्टॅम्प पेपर वेळेवर मिळत नसे. काम अडलेले, तारीख जवळ आलेली, अशा वेळी जो आणून देईल तो देवासारखा वाटतो. घाईत माणूस कागद तपासत नाही, मिळाला याचाच आनंद मानतो.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण, प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडले. कारकून म्हणाला, साहेबांनी विक्रेता ठरवला आहे. साहेब म्हणाले, विक्रेत्याकडे परवाना आहे. परवाना देणाऱ्याने पुढे माल पाहिला नाही. कागद पाच हातांतून गेला आणि पाचही जणांना वाटले की आधीच्याने पाहिले असेल.

या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कागद खरा आहे का, हे ज्याने कागद दिला त्यालाच विचारले गेले. तो ‘खरा आहे’ असेच सांगणार. या पाठातून एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे:

कागद देणाऱ्याला विचारू नका. कागद जिथून निघाला, तिथे विचारा.

आता ई-स्टॅम्प आले. धोका संपला का?

तेलगी प्रकरणानंतर छापील स्टॅम्प पेपरची व्यवस्था मागे पडत गेली आणि ई-स्टॅम्पिंग आले. देशातल्या अनेक राज्यांत त्याच्या नोंदी ठेवण्याचे काम स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. बेंगळुरूत अधिकृत केंद्रांतून आणि अनेक सौहार्द सहकारी संस्थांतून आपण अशी प्रमाणपत्रे घेत आलो आहोत. कर्नाटकातल्या अशा प्रमाणपत्राचा क्रमांक ‘आयएन-केए’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो.

यात मोठा फायदा आहे. पूर्वी कागदाचा पोत, जलचिन्ह, छपाई पाहून अंदाज करावा लागे. आता खरेपणा संगणकावरच्या नोंदीत असतो आणि ती नोंद घरबसल्या पाहता येते. पण पाहिली तरच. न तपासलेला ई-स्टॅम्प हा शेवटी साध्या कागदावरचा रंगीत प्रिंटच आहे, आणि रंगीत प्रिंट कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात निघतो.

तपासताना चार गोष्टी करा.

१. प्रमाणपत्रावर ज्या संस्थेचे नाव आहे तिच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अधिकृत अ‍ॅपवर जा. पत्ता स्वतः टाइप करा. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. कागदावरचा क्यूआर कोड सोयीचा आहे, पण खोट्या कागदावरचा कोड खोट्या पानावर नेऊ शकतो.

२. प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख आणि तिथे मागितलेली इतर माहिती भरून नोंद उघडा.

३. नोंद सापडली एवढ्यावर समाधान मानू नका. पहिला पक्षकार, दुसरा पक्षकार, दस्ताचा प्रकार आणि रक्कम हे सगळे तुमच्या कागदाशी जुळते का ते बघा. दुसऱ्या कोणाचा खरा ई-स्टॅम्प घेऊन त्यावरची नावे बदलता येतात. अशा वेळी क्रमांक खरा निघतो, पण नोंदीत नाव तिसऱ्याचेच असते.

४. तपासणीच्या पानाचा स्क्रीनशॉट किंवा प्रिंट करारासोबत ठेवा.

या कामाला पाच मिनिटे लागतात. सही करण्यापूर्वी ती काढा. सही झाल्यावर तीच पाच मिनिटे पाच वर्षांच्या खेपा होऊ शकतात.

एक उदाहरण: बेंगळुरूची ‘लीज’

आपल्या शहरात घर घेण्याची एक खास पद्धत आहे. महिन्याचे भाडे द्यायचे नाही, त्याऐवजी मोठी रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची आणि घर सोडताना तेवढीच परत घ्यायची. तिला इथे ‘लीज’ म्हणतात. अनेक कुटुंबांना ती ‘फुकट राहणे’ वाटते. आधी हिशेब करू.

समजा, एका कुटुंबाने ३ वर्षांसाठी १२ लाख रुपये दिले. हीच रक्कम बँकेत ७ टक्क्यांनी ठेवली असती, तर वर्षाला ८४,००० रुपये व्याज आले असते, म्हणजे महिन्याला ७,००० रुपये. तेच त्यांचे न दिसणारे भाडे. तसे घर भाड्याने १५,००० ला मिळत असेल, तर व्यवहार फायद्याचा दिसतो. पण महिना ८,००० वाचवण्यासाठी १२ लाख कोणाच्या हाती दिले, हा प्रश्न उरतोच. महिना १०,००० रुपये बाजूला टाकणाऱ्या घराला १२ लाख साठवायला १० वर्षे लागतात.

आता कागदाकडे येऊ. करार स्टॅम्पवर आहे, नोटरीचा शिक्का आहे, दोन साक्षीदार आहेत. कुटुंब निश्चिंत आहे. तरी तीन प्रश्न शिल्लक आहेत.

घर मालकाचेच आहे का? नोटरी सही करणाऱ्याची ओळख पाहतो. घर कोणाचे, हे तो तपासत नाही.

घरावर कर्ज आहे का? घर आधीच बँकेकडे तारण असेल आणि मालकाने हप्ते थकवले, तर २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक त्या घराचा ताबा घेऊ शकते. तारण दिल्यानंतर, बँकेला न विचारता केलेली लीज अशा वेळी तुम्हाला फारसे संरक्षण देत नाही. बँकेच्या दारावरच्या नोटिशीतून भाडेकरूला कर्जाची पहिली बातमी कळावी, यापेक्षा वाईट काय?

नोंदणी झाली आहे का? एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी उपनिबंधक कार्यालयात करणे कायद्याने आवश्यक आहे. ३ वर्षांची लीज नुसत्या नोटरीवर केली, तर वाद झाल्यावर तिच्या अटी सिद्ध करणे कठीण जाते. ११ महिन्यांचे करार करण्याची पद्धत या नियमामुळेच पडली.

म्हणून पैसे देण्याआधी ‘कावेरी’ पोर्टलवरून घराचे बोजा प्रमाणपत्र, म्हणजे ईसी, काढा. सरसाई या केंद्रीय नोंदणीतही थोडे शुल्क भरून तारण शोधता येते. मालकाकडून खरेदीखताची प्रत आणि चालू वर्षाच्या मालमत्ता कराची पावती मागा. पैसे बँकेतूनच द्या, आणि ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याच खात्यावर द्या. दलालाच्या किंवा मालकाच्या मेहुण्याच्या खात्यावर नको.

कागद खरा, पण लिहिले काय आहे?

फसवणुकीला नेहमी खोटा कागद लागतोच असे नाही. २०१९ मध्ये बेंगळुरूत आयएमए ही कंपनी बुडाली आणि हजारो कुटुंबांची बचत अडकली. पैसे ठेवणाऱ्यांना ती ठेव वाटत होती. पण कागदोपत्री त्यांना भागीदार करून घेतले होते. भागीदाराला नफ्यातला वाटा मिळतो आणि तोट्यातलाही. कागद खरा होता, त्याचा अर्थ वेगळा होता.

बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. भागीदारीला, चिट्ठीवर दिलेल्या पैशाला किंवा खासगी योजनेला ते नाही. म्हणून सहीपूर्वी कागदावर ‘ठेव’ हा शब्द आहे का, घेणारा कोण आहे आणि परतीची तारीख लिहिली आहे का, हे वाचा. कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल आणि समजत नसेल, तर वाचून दाखवणारा माणूस तुमचा असावा, विकणाऱ्याचा नसावा.

कोणता कागद कुठे तपासायचा?

मुदत ठेवीची पावती: बँकेच्या शाखेत, नेट बँकिंगमध्ये किंवा खाते उताऱ्यात. पावती हाती असून ठेव तुमच्या ग्राहक क्रमांकाखाली दिसत नसेल, तर त्याच दिवशी शाखाधिकाऱ्यांना लेखी विचारा. आयकराच्या पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरणपत्रातही ठेवींवरचे व्याज दिसते.

विमा पॉलिसी: विमा कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या, एजंटच्या कार्डावरून नको.

ठेवी गोळा करणारी संस्था: रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर. तक्रारही तिथेच करता येते.

ई-स्टॅम्प: प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर.

घर किंवा जागा: कावेरी पोर्टल, उपनिबंधक कार्यालय आणि सरसाई.

कोणी म्हणेल, ओळखीच्या माणसावर एवढा अविश्वास कसा दाखवायचा? बँकेत नेहमीच्या खातेदाराचीही सही आम्ही जुळवून पाहतो. त्यात अपमान नसतो, ती पद्धत असते. घरातही तशीच पद्धत ठेवा. ‘आमच्याकडे सगळेच कागद तपासतात’ असे शांतपणे सांगा. खऱ्या माणसाला राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या कागदाकडे दुसऱ्यांदा पाहा.

संशय आला तर

मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, प्रत द्या. पुढचे पैसे थांबवा. पोलिसांत लेखी तक्रार करून पोच घ्या. ऑनलाइन फसवणूक असेल, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. तक्रार बँकेविरुद्ध असेल, तर आधी बँकेकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

सराव

१. घरातले सगळे करारनामे आणि पावत्या एका जागी काढा. प्रत्येकापुढे लिहा: हा कोणी दिला आणि कुठून निघाला? दोन्ही उत्तरे एकच येत असतील, तर तो कागद आधी तपासा.

२. तुमच्या भाडेकरारावरचा ई-स्टॅम्प उघडून पाहा. नावे आणि रक्कम जुळतात का?

३. लीजवर राहत असाल, तर दिलेल्या रकमेवरचे बुडालेले व्याज काढा आणि ते भागातल्या भाड्याशी ताडून पाहा. घराचा ईसी शेवटचा कधी काढला होता?

४. ‘आजच द्या, उद्या मिळणार नाही’ असे गेल्या वर्षभरात तुम्हाला कोण म्हणाले? त्या व्यवहाराचा कागद आज संध्याकाळी पुन्हा वाचा.